पावसात मिस मारणारी जुनी गाडी: करंट नेमका कुठे गळतो?

घाटरस्ता

गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी पेट्रोल, मूळचं पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (पॉइंट म्हणजे उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारा स्विच, कंडेन्सर त्याच्या जोडीला). मुक्काम रत्नागिरी. गाडी पत्र्याच्या शेडखाली असते, पण शेड तिन्ही बाजूंनी उघडी.

लक्षणं अशी:
रात्रभर पाऊस झाला की सकाळी सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. प्लग काढून बघितले तर पेट्रोलने ओले. कशीबशी चालू झाली तर आयडलला ठीक, रेस दिली की मिस मारते (एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकते) आणि मधूनच कार्बोरेटरमधून फट्‌ असा आवाज येतो. दुपारी ऊन पडलं की काहीच तक्रार नाही.

चारही प्लग आणि कॉइल नवी आहे. फरक शून्य. आता डिस्ट्रिब्युटरची (कॉइलची ठिणगी एकेका प्लगला वाटून देणारा भाग) कॅप, आतला फिरणारा रोटर, वायरी असा सगळाच संच बदलायचा की आधी काही तपासता येईल?

पॉइंटगॅप

आधी तपासा. सगळं एकदम बदललं तर गाडी कदाचित सुधारेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा इथेच याल. शिवाय जुन्या गाड्यांसाठी आज बाजारात मिळणारी कॅप किंवा रोटर मूळ भागापेक्षा हलक्या प्रतीचा निघू शकतो. चांगला जुना भाग उगाच काढून टाकू नका.

मुळात काय घडतं ते आधी. कॉइल १२ व्होल्टचे १५ ते २५ हजार व्होल्ट करू शकते, पण दर ठिणगीला तेवढे करत नाही. प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडेपर्यंत व्होल्टेज चढतं आणि उडाली की थांबतं. आयडलला सिलिंडरमधला दाब कमी, म्हणून ६ ते १० हजारांत काम भागतं. अॅक्सिलरेटर दाबला की दाब वाढतो आणि गरज १२-१५ हजारांच्या वर जाते. त्या वेळी बाहेर कुठे सोपी वाट असेल, तर करंट प्लगमधून न जाता तिकडून जमिनीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला, जातो. तुमची गाडी आयडलला ठीक आणि रेसला मिस मारते, त्याचं कारण हे.

ती सोपी वाट निव्वळ पाण्याची नसते. पावसाचं स्वच्छ पाणी विजेला फारशी वाट देत नाही. कॅपवर बसलेली धूळ, इंजिन ऑइलचा चिकट थर, ब्रेकची काळी भुकटी आणि किनाऱ्यावरच्या हवेतलं मीठ, या सगळ्यांत ओल मुरली की वाट तयार होते. म्हणून स्वच्छ, तडा नसलेली कॅप पावसात भिजूनही चालते आणि मळलेली कॅप नुसत्या दमट हवेनेही दगा देते.

सकाळी न पकडण्याचं कारण थोडं वेगळं. सेल्फ फिरताना बॅटरीचं व्होल्टेज १२.५ वरून १० च्या आसपास येतं, कॉइलला तेवढंच मिळतं, म्हणजे ठिणगीची ताकद आधीच घटलेली. त्यात गळती असेल तर प्लगपर्यंत काहीच पोचत नाही. मग आपण चोक ओढून सेल्फ मारत राहतो आणि प्लग पेट्रोलने भिजतात. भिजलेला प्लग हाही गळतीच. असं झालं की चोक पूर्ण आत, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, सेल्फ ८-१० सेकंद. तरी नाही पकडली तर प्लग काढून वाळवायचे.

आता तपासणी. क्रम मोडू नका.

पहिलं, दोष हजर असतानाच बघा. दुपारी कोरड्या गाडीवर केलेली तपासणी निरुपयोगी.

दुसरं, लो टेन्शन (१२ व्होल्टची) बाजू. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि हे आकडे लिहून घ्या:
– इंजिन बंद असताना बॅटरी किती.
– सेल्फ फिरताना बॅटरी किती. ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स.
– सेल्फ फिरताना कॉइलच्या + (एसडब्ल्यू) टर्मिनलला किती. गाडीला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट आवरणारा जोड) नसेल तर हा आकडा बॅटरीपेक्षा जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट कमी चालेल.
– इग्निशन चालू, पॉइंट मिटलेले, मीटर कॉइलच्या – (सीबी) टर्मिनल ते बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवं. जास्त असेल तर पॉइंटच्या तोंडावर ऑक्साइड बसलाय, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक अर्थची (जमिनीची) वायर तुटत आलीये.

हे शेवटचं मोजमाप दमट हवेत फार महत्त्वाचं. गाडी चार दिवस उभी राहिली तरी पॉइंटवर पातळ थर धरतो.

तिसरं, कॉइलचा रेझिस्टन्स. दोन्ही वायरी काढून प्रायमरी (१२ व्होल्टच्या बाजूची गुंडाळी) मोजा. बॅलास्ट नसलेल्या गाडीची कॉइल साधारण ३ ओहम दाखवते, बॅलास्टवाली साधारण दीड. सेकंडरी (हजारो व्होल्टच्या बाजूची गुंडाळी) कॉइलप्रमाणे बदलते, ५ ते १२ किलोओहमच्या दरम्यान सहसा येते.

चौथं, अंधारातली फवारणी. संध्याकाळनंतर, उघड्यावर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. इस्त्रीसाठी वापरतात तसली फवाऱ्याची बाटली, त्यात नळाचं साधं पाणी. इंजिन चालू ठेवा. आधी प्लास्टिकच्या पिशव्यांनी डिस्ट्रिब्युटर झाका आणि फक्त कॉइलच्या तोंडावर एक-दोन फवारे मारा. १५ सेकंद थांबा. कुणालातरी झटक्यात रेस द्यायला सांगा. मिस नाही? कॉइल सुटली. मग कॉइल ते कॅप ही मधली वायर. मग प्लगच्या वायरी एकेक करून, मग प्लगची बुटं (प्लगवर बसणारी रबरी टोपणं) आणि सगळ्यात शेवटी कॅप. जिथे फवारा पडताच मिस सुरू होईल तिथे निळी ठिणगी किंवा जांभळट चमक सहसा दिसतेच. एका वेळी एकच भाग ओला करायचा, यातच सगळं आलं. सगळं बॉनेट ओलं केलंत तर उत्तर मिळणार नाही.

साध्या पाण्याने काही दिसलं नाही तर अर्धा लिटरला चिमूटभर मीठ घालून पुन्हा. ते केल्यावर सगळं साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, मीठ मागे ठेवू नका.

सावधगिरी: चालू इंजिनवर एचटी (हाय टेन्शन, म्हणजे कॉइल आणि प्लगच्या जाड) वायरला हात लावायचा नाही. हृदयाला पेसमेकर असलेल्या माणसाने हे काम करूच नये. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी पंख्यापासून लांब. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ती गळती बंद करा, फवारणी नंतर.

तिन्हीसांज

एवढं सगळं कशाला? गंजरोधक स्प्रेची बाटली गाडीत ठेवा, कॅपवर आणि वायरींवर मारा, गाडी लगेच पकडते.

पॉइंटगॅप

पकडते, कारण तो स्प्रे पाणी हटवतो. रस्त्यात अडकलात तर वापरा, हरकत नाही. पण इग्निशन बंद करूनच, आणि मारल्यावर दोन-तीन मिनिटं बॉनेट उघडं ठेवून. बहुतेक स्प्रेमधला दाबाचा वायू आणि द्रावक पेट घेतात. कॅपच्या आत मारून लगेच सेल्फ दिला तर आतल्या आत भडका उडतो.

दुसरं म्हणजे तो थर तेलकट असतो, पुढच्या आठवड्यातली धूळ त्यावर जास्त चिकटते. स्प्रेने गाडी चालू झाली म्हणजे एवढंच कळलं की गळती बाहेरून दिसणाऱ्या, ओल्या होणाऱ्या जागी आहे. माहिती म्हणून ते उपयोगी आहे, दुरुस्ती म्हणून नाही.

कुर्लास्पेअर

वरच्या प्रतिसादाला जोड. कॅपमध्ये काय शोधायचं ते सविस्तर लिहितो, कारण निम्मे लोक कॅप उघडतात, फडक्याने पुसतात आणि परत लावतात.

१) कार्बन ट्रॅक. आतल्या बाजूला एका पितळी खुंटीपासून दुसऱ्या खुंटीकडे, किंवा खुंटीपासून कॅपच्या कडेकडे गेलेली केसासारखी बारीक काळी रेघ. पेन्सिलने ओढल्यासारखी दिसते आणि पुसून जात नाही. ती बॅकेलाइट (कॅपचं कडक प्लास्टिक) जळून तयार झालेली कार्बनची वाट आहे. खरवडून दोन दिवस चालेल, नंतर तीच वाट आणखी खोल होईल. अशी कॅप बदलायचीच.

२) तडा. उजेडात तिरपी धरून बघा. क्लिप बसते तिथे आणि टॉवरच्या (वायर खोचायच्या नळकांड्याच्या) मुळाशी तडे जास्त येतात.

३) मधला कार्बन. बोटाने दाबल्यावर आत जाऊन स्प्रिंगने परत यायला हवा. अडकलेला किंवा झिजून आत गेलेला असेल तर रोटरवर ठिणगी उडते, काळी भुकटी तयार होते आणि त्या भुकटीतून ट्रॅक सुरू होतो.

४) टॉवरच्या आतली हिरवी-पांढरी बुरशी. किनारपट्टीवर हे हमखास. वायर वरून घट्ट वाटते, पण आत पितळेपर्यंत पोचलेली नसते. गोल तारेच्या बारीक ब्रशने साफ करा आणि वायर तळाला टेकेपर्यंत दाबा.

ट्रॅक नसेल तर कॅप कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळा, पूर्ण वाळवा. हेअर ड्रायर एक वीतभर लांबून चालेल. पॉलिश पेपर कॅपच्या बॅकेलाइटला लावू नका. वरची चकाकी गेली की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि ओल धरून ठेवतो.

रोटरची परीक्षा वेगळी, आणि ती क्वचितच कुणी करतं. रोटर वरून चांगला दिसतो, पण आतून शाफ्टपर्यंत बारीक भोक पडलेलं असतं. कॅप काढा, रोटर जागेवरच ठेवा. इंजिन अशा जागी फिरवा की पॉइंट मिटलेले असतील. कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीने धरून तिचं टोक रोटरच्या मधल्या पितळेपासून ५-६ मिमीवर आणा. इग्निशन चालू करून लाकडी काडीने पॉइंट उघडा-मिटा. टोकापासून रोटरवर ठिणगी उडत राहिली तर रोटर शाफ्टला गळतोय, फेकून द्या. चांगल्या रोटरवर ठिणगी उडायला वाटच नसते. ही परीक्षा फक्त पॉइंटवाल्या गाडीवर.

घाटरस्ता

एचटी वायरी मल्टिमीटरने मोजल्या. चारही जवळजवळ शून्य ओहम. म्हणजे वायरी चांगल्या धरायच्या ना?

कुर्लास्पेअर

नाही. शून्य म्हणजे तांब्याच्या गाभ्याची वायर आहे आणि गाभा अखंड आहे, एवढंच. बाहेरचं रबर २० हजार व्होल्ट अडवतं की नाही, हे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा मीटर सांगूच शकत नाही. (कार्बन गाभ्याच्या वायरीला मात्र मीटर उपयोगी. लांबीप्रमाणे काही हजार ओहम येतात आणि एखादीच वायर इतरांपेक्षा कित्येक पट दाखवत असेल तर ती आतून तुटली आहे.)

इन्सुलेशनसाठी हे करा: लाकडी किंवा जाड प्लास्टिकच्या मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याच्या दांड्याला क्लिपने एक वायर लावा, वायरीचं दुसरं टोक इंजिन ब्लॉकला घट्ट. इंजिन चालू. स्क्रूड्रायव्हरचं टोक एचटी वायरच्या अंगावरून ५ मिमी अंतराने फिरवत न्या, बुटांभोवतीही. जिथे रबर कमकुवत आहे तिथून टोकावर ठिणगी उडी मारेल. बाकी ठिकाणी शांत.

आणि वायरींची मांडणी बघा. दिसायला छान म्हणून चारही वायरी केबल टायने एकत्र बांधलेल्या असतील तर सोडा. तुमचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२. तीन नंतर लगेच चार आणि दोन नंतर लगेच एक पेटतो, आणि या दोन्ही जोड्या इंजिनवर शेजारी-शेजारी आहेत. या वायरी एकमेकींना लांबवर चिकटून गेल्या तर एकीतली ठिणगी दुसरीत थोडी उमटते. ३-४ आणि १-२ या वायरींत किमान बोटभर अंतर ठेवा. पत्र्याला टेकणारी वायर ओल्या हवेत आधी गळते, म्हणून होल्डर तुटले असतील तर ते आधी बसवा.

सीएनजीवाला

सीएनजी किट असलेल्या जुन्या गाड्यांसाठी एक खूण. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पावसात गाडी पेट्रोलवर सुरळीत आणि गॅसवर मिस मारत असेल तर रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) उघडण्याआधी इग्निशन तपासा. गळती सुरुवातीच्या अवस्थेत असते तेव्हा ती गॅसवरच दिसते. प्लगचा गॅप किट बसवणाऱ्याने सांगितलेल्यापेक्षा झिजून वाढलेला असेल तर आणखी लवकर.

हाच नियम पेट्रोललाही. ‘ठिणगी मोठी व्हावी’ म्हणून पॉइंटवाल्या गाडीत प्लगचा गॅप ०.६ मिमीवरून ०.९-१.० पर्यंत वाढवलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. गॅप वाढला की लागणारं व्होल्टेज वाढतं आणि बाहेरची गळतीची वाट जिंकते. पावसाळ्यात तर पुस्तकातल्या आकड्याच्या खालच्या बाजूला राहावं.

दुपारचाचहा

माझी मारुती ८००, कार्बोरेटरवाली, पण पॉइंट नाहीत. वरचं सगळं तिला लागू होतं का?

पॉइंटगॅप

कॅप, रोटर, वायरी, प्लग या बाजूला तंतोतंत लागू. तीन सिलिंडर, फायरिंग ऑर्डर १-३-२. डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला आहे. तिथली कॅपखालची रबरी सील वाळून चपटी झाली असेल तर नवी घाला.

पॉइंटचं मोजमाप आणि रोटरची ती लाकडी काडीची परीक्षा मात्र तुम्हाला नाही. आणि एक सक्त सूचना: इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये सेल्फ मारताना कुठलीही एचटी वायर हवेत उघडी सोडू नका. ठिणगीला जमीन मिळाली नाही तर व्होल्टेज इतकं चढतं की इग्नायटर (पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) किंवा कॉइल आतून फुटते. ठिणगी बघायची असेल तर जादा प्लग वायरला लावा आणि प्लगचं लोखंडी अंग जंप केबलने ब्लॉकला पक्कं जोडा.

पॉइंटच्या जागी आत पिकअप (चुंबकी सेन्सर) असतो. त्याचा आणि फिरणाऱ्या दातांचा गॅप साधारण ०.२ ते ०.४ मिमी. मोजायला पितळी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घ्या, लोखंडी गेज चुंबकाला चिकटून चुकीचा आकडा देतो. पावसात पिकअपच्या वायरींचा कनेक्टर हिरवा पडतो, तोही उघडून बघा.

लंडनकर

इकडे इंग्लंडमध्ये जुन्या मिनीवाल्यांना हा प्रश्न गाडीच्या जन्मापासून आहे. इंजिन आडवं बसवल्यामुळे डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीच्या अगदी मागे येतो आणि समोरून येणारं पाणी थेट त्यावर. उपाय म्हणून डिस्ट्रिब्युटरवर रबरी टोपरं घालतात. ते नसेल तर घरातला रबरी हातमोजा: बोटांची टोकं कापून त्यातून वायरी बाहेर काढायच्या आणि मोजा कॅपवर ओढायचा. पद्मिनीलाही जमावं.

पॉइंटगॅप

जमतं, पण खालची बाजू बांधून हवाबंद करू नका. कॅपच्या आत प्रत्येक ठिणगीला ओझोन तयार होतो, तो बाहेर पडायला हवा. शिवाय गरम इंजिन थंड झालं की आत अडकलेल्या दमट हवेचं पाणी कॅपच्या आतल्या भिंतीवर धरतं, आणि आतली ओल बाहेरच्या ओलीपेक्षा वाईट. डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला खाली बारीक भोक असेल तर ते चिखलाने बुजलंय का बघा.

टोपऱ्याआधी पाणी येतं कुठून ते पाहा. रेडिएटरमागचा पंखा खालून उडालेलं पाणी मागे फेकतो. इंजिनखालचा पत्रा बऱ्याच जुन्या गाड्यांत काढून टाकलेला असतो. तो परत बसवला की निम्मं पाणी थांबतं. बॉनेटच्या कडेची रबरी पट्टीही.

बुटांच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या, प्लगच्या चिनी मातीवर आणि कॉइलच्या टॉवरभोवती. कॅपच्या आत, रोटरवर किंवा मधल्या कार्बनवर ग्रीस नको.

मापात

विषय इग्निशनचा आहे, पण प्रत्येक ओला बिघाड इग्निशनचा नसतो. पेट्रोलमध्ये पाणी असेल तर लक्षणं फसवी असतात. टाकीच्या झाकणाची रबरी वॉशर फुटली की पावसाचं पाणी थेट आत जातं. हल्लीच्या ई-२० (२० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल थोडं पाणी स्वतःत विरघळवून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर होतो आणि नळी नेमकी तिथूनच ओढते.

तपासणी सोपी: कार्बोरेटरचा फ्लोट बाऊल काचेच्या बाटलीत रिकामा करा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून साफ करायची. पाण्याने होणारी मिस ऊन पडल्यावर जात नाही, हा मोठा फरक. घाटरस्ता यांची गाडी दुपारी सुधारते, म्हणजे त्यांचं इग्निशनच.

एअर क्लिनरचा कागदी फिल्टर भिजला तरी गाडी ओढत नाही, काळा धूर येतो. तिथे मिस सुटी-सुटी नसते, सगळंच जड होतं.

आणि साचलेल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. आधी एअर क्लिनर उघडा. आत पाणी असेल तर सगळे प्लग काढून मगच सेल्फ फिरवा. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

घाटरस्ता

काल रात्री पाऊस थांबल्यावर सगळं क्रमाने केलं. आकडे:

बॅटरी १२.६. सेल्फ फिरताना १०.१. त्याच वेळी कॉइलच्या + ला ९.७. बॅलास्ट रेझिस्टर गाडीत कुठेही नाही.
पॉइंट मिटलेले असताना सीबी टर्मिनल ते बॅटरी निगेटिव्ह ०.६ व्होल्ट.
कॉइल प्रायमरी १.६ ओहम.
रोटरच्या परीक्षेत ठिणगी नाही.
फवारणी: कॉइल, मधली वायर, प्लगच्या वायरी, बुटं सगळं शांत. कॅपवर फवारा पडताच मिस आणि कार्बोरेटरमधून फट्‌. १ आणि ३ नंबरच्या टॉवरच्या मध्ये निळी रेघ स्पष्ट दिसली. कॅप उघडली तर आतही तिथेच बारीक काळी रेघ आहे.

कुर्लास्पेअर

कॅप सापडली. कार्बोरेटरमधल्या आवाजाचा उलगडाही त्यातच आहे. फायरिंग ऑर्डरमध्ये १ नंतर ३, म्हणून कॅपवर हे दोन टॉवर शेजारी. १ नंबरची ठिणगी त्या रेघेवरून ३ कडे पळते, कारण त्या क्षणी १ मध्ये दाब पूर्ण चढलेला असतो आणि ३ मध्ये जवळजवळ काहीच नसतो. कमी दाबाच्या प्लगमधून उडणं तिला सोपं. पण ३ नंबर तेव्हा कॉम्प्रेशनच्या अगदी सुरुवातीला असतो, इनटेक वाल्व अजून पूर्ण मिटलेला नसतो. आतलं मिश्रण पेटलं की आग उघड्या वाल्वमधून कार्बोरेटरकडे येते. ३ ची ठिणगी १ कडे गेली तर उलट: १ चं मिश्रण आधीच जळून गेलेलं, तिथे काही होत नाही, पण ३ चं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं.

कॅप घेताना जुनी सोबत न्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात संपल्यापासून माल कमी होत चाललाय, त्यामुळे जे मिळेल ते नीट पारखा: क्लिपची जागा, टॉवरची उंची, मधल्या कार्बनची लांबी, आणि आतल्या चार खुंट्या एका उंचीवर आहेत का. रोटर जुनाच ठेवला तरी चालेल, तो पास झालाय.

पॉइंटगॅप

कॅपवर थांबू नका. तुमच्या आकड्यांत दुसरा दोष दिसतोय, आणि तो राहिला तर सकाळची तक्रार अर्धीच जाईल.

१.६ ओहमची कॉइल ही बॅलास्टवाल्या गाडीची आहे. तुमच्याकडे बॅलास्ट नाही. ३ ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टला ४ अँपिअर जातात, हिच्यातून ७ च्या वर. पॉइंट एवढ्या करंटसाठी नसतात. त्यांची तोंडं निळी-करडी पडून खडबडीत होतात आणि मग तुमचे ते ०.६ व्होल्ट येतात. थोडक्यात, ही कॉइल काही दिवस जोरदार ठिणगी देते आणि नंतर पॉइंट खाऊन कमजोर होते. स्वतःही तापते.

खात्रीसाठी ०.६ चे तुकडे करा. पॉइंट मिटलेले, इग्निशन चालू, हे फक्त काही सेकंद, जास्त वेळ ठेवलं तर कॉइल तापेल. एक माप: डिस्ट्रिब्युटरचं लोखंडी अंग ते बॅटरी निगेटिव्ह. दुसरं: पॉइंटचा हलणारा हात ते डिस्ट्रिब्युटरचं अंग. तिसरं: सीबी टर्मिनल ते हलणारा हात.

घाटरस्ता

पहिलं ०.०५, दुसरं ०.४८, तिसरं ०.०७. पॉइंटची तोंडं निळसर आहेत, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ.

पॉइंटगॅप

म्हणजे अर्थ आणि वायर दोन्ही चांगल्या, जवळजवळ सगळं नुकसान पॉइंटच्या तोंडावर. खड्डा-टेंगूळ एवढं असेल तर घासत बसू नका, नवा संच घाला. कंडेन्सरही सोबत बदला, ओलीशी त्याचा संबंध नाही पण तोंडावरून धातू असा सरकला असेल तर त्याच्यावर संशय राहतोच. क्षमता ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या दरम्यान असावी.

क्रम असा ठेवा:

कॉइल ३ ओहमची, दुकानातच मीटर लावून घ्या. खोक्यावर ‘१२ व्होल्ट’ दोन्ही प्रकारच्या कॉइलवर छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत – टर्मिनल डिस्ट्रिब्युटरला. उलट जोडली तरी गाडी चालते, पण प्लगला जास्त व्होल्टेज लागतं आणि पावसात तेच नडतं.

नव्या पॉइंटच्या तोंडावर कारखान्यातला तेलकट थर असतो, तो स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि कोरडा जाड कागद मध्ये धरून एकदा ओढा. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना गॅप लावा. आकडा डिस्ट्रिब्युटरच्या मॉडेल नंबरप्रमाणे. लुकास धाटणीच्या बऱ्याच चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरना ०.३५ ते ०.४० मिमी. कॅमवर ग्रीस अगदी नखाएवढं, जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं.

आतली हलणारी वायर डिस्ट्रिब्युटरच्या अंगातून बाहेर येते तिथला इन्सुलेटर तडकलेला नाही ना, तेही याच वेळी पाहा. तो तडकला तर ओल्या दिवशी लो टेन्शनच जमिनीला जातं आणि ठिणगी पूर्ण बंद होते.

गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. म्हणून टायमिंग सगळ्यात शेवटी. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प सीबी टर्मिनल आणि अर्थच्या मध्ये लावा, प्लग काढून इंजिन हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच खुणेपर्यंत आणा. खूण ओलांडली तर उलट थोडं मागे आणून थांबू नका, चांगलं मागे नेऊन पुन्हा पुढे या, नाहीतर गिअरमधली ढिलाई मापात येते. इग्निशन चालू करा, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करा, आधी रोटर फिरतो त्या दिशेला अंग फिरवून लॅम्प विझवा, मग उलट दिशेने सावकाश. लॅम्प ज्या क्षणी पेटेल तिथे क्लॅम्प घट्ट.